पाचवा शब्द

माझ्या कामाचं शुद्ध मराठी नाव 'वाचा-उपचारतज्ज्ञ'. हे नाव ज्या कुणी शोधून काढलं त्याला एकदा माझ्या खोलीत आणून बसवायची माझी फार इच्छा आहे, कारण माझ्या निम्म्या रुग्णांना ते जन्मात उच्चारता येणार नाही. जयपुरात मला कुणी 'स्पीच वाली मैडम' म्हणतं, कुणी 'तोतले बच्चों की डॉक्टरनी'. मी डॉक्टर नाही, आणि माझ्याकडे मुलं थोडी येतात, म्हातारे जास्त, हे सांगून सांगून माझीच वाचा बसायची वेळ आली, तेव्हा सांगायचं सोडून दिलं.

मी नगरकडची. लग्न होऊन इथे आले, इथल्या एका धर्मादाय रुग्णालयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. निवृत्त झाल्याचं कुणाला पटेना, म्हणून शास्त्रीनगरात घराच्या पुढच्या खोलीत अजूनही लोकांना बोलतं करत बसते. लकवा मारून ज्यांची वाचा गेली ती माणसं, हे माझं खरं गिऱ्हाईक. घरच्यांना वाटतं की जीभ लुळी पडली, तिला मालिश केलं की झालं. जीभ बहुतेक वेळा धडधाकट असते. बिघाड वर असतो, मेंदूत. आपण पंधरा दिवस गावाला गेलो आणि मागे कुणी आपल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून ठेवले, तर कसं होईल? मोहरीला हात घालावा आणि चहाची पूड निघावी. या माणसांचं शब्दांच्या बाबतीत तसं होतं. शब्द मेलेले नसतात, सापडत नाहीत. मागायचं असतं पाणी आणि तोंडातून येतो 'चष्मा', किंवा काहीच येत नाही. समोरचा काय म्हणतो ते कळत असतं, आपण चुकलो हेही कळत असतं. त्यांच्या डोळ्यांतला तो राग एकदा पाहिला की विसरता येत नाही.

अशा माणसासमोर सगळ्यात वाईट वागतात ती प्रेमाची माणसं. तो तोंड उघडायच्या आत 'पानी? चाय? बाथरूम?' अशी सरबत्ती सुरू. माझ्या खोलीत पहिला नियम हा, की दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही, गप्प बसून वाट बघायची. नगरच्या बाईला गप्प बसायचा पगार मिळतो, यावर माझ्या भावाचा अजून विश्वास बसलेला नाही.

झोटवाड्याला कूलरचे पत्रे कापायचा कारखाना असलेले एक सेठजी माझ्याकडे यायचे. लकवा झाल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला, आणि तो या अंकात छापता येण्याजोगा नाही. चहा हवा असला तरी तोच, देवाला हात जोडले तरी तोच, नात मांडीवर येऊन बसली तरी तोच, फक्त चाल वेगळी. मुलगा शरमेनं मान खाली घालायचा. सून मात्र पदराआडून मला म्हणाली, "मैडम, बोलते तो पहले भी यही थे। अब कम से कम प्यार से बोलते हैं।"

यातली गोम अशी आहे की शिव्या, पाढे, गाणी, प्रार्थना, म्हणजे जे जे आपण विचार न करता घडाघडा म्हणतो, ते मेंदूत वेगळ्याच कप्प्यात असतं. मोठा झटका येऊनही तो कप्पा पुष्कळदा शाबूत राहतो. ज्याला बायकोचं नाव आठवत नाही तो आख्खी आरती म्हणून दाखवतो. घरचे नाचायला लागतात, आणि मला त्यांना सांगावं लागतं, की थांबा, हे बोलणं नव्हे. पण याच वाटेनं आत शिरून एखादा शब्द बाहेर काढता येतो. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते साळवेसर. त्यांचंच सांगते.

सर मूळचे जालन्याचे. इथल्या एका कॉलेजात उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवलं. सोडाल्याला घर, मुलगी परदेशात, घरात दोघंच. जयपुरात मराठी ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमची उपासना हिंदीत. ती संपली की देवळाबाहेरच्या लिंबाखाली आम्ही चार मराठी डोकी जमायचो आणि आठवडाभराचं मराठी बोलून घ्यायचो. (नगर-जालन्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मीही म्हणते.) त्या लिंबाखाली बोलायचे मुख्यतः सर. झाडाचं पान दिसलं की त्याचं कूळ, गोत्र, मूळ गाव. फाटकाशी कुणी चारचाकी लावली तरी तिच्या काचेवर पडलेल्या फुलावर व्याख्यान. मार्थाताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासारख्याच नगरकडच्या, त्यांची बाही ओढत म्हणायच्या, "अहो, किती बोलता! जरा गप्प बसा की." चाळीस वर्षांत हे वाक्य बदललं नाही, बाही तेवढी बदलत गेली.

संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं, तसे सरही होते. पतंग बघता बघता खाली बसले, ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी मार्थाताईंना माझं नाव सांगितलं. मी आधीच निघाले होते.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पहिले काही महिने सोन्यासारखे असतात. मेंदू तेव्हा नव्या वाटा शोधत असतो, त्याला कुणी हात धरून नेणारं लागतं. ते दिवस हातचे गेले की काम होतच नाही असं नाही, पण प्रत्येक शब्दासाठी डोंगर फोडावा लागतो. आणि ज्या माणसाची अख्खी श्रीमंती बोलण्यात होती, तो उरलेला जन्म खुर्चीत मुका बसणार का, हे त्या दिवसांवर ठरणार होतं.

मी गेले. मार्थाताईंनी दार उघडलं, आमच्या रीतीनं सलाम केला, चहा केला. सर झोपलेत म्हणाल्या. दुसऱ्यांदा गेले, सर दमलेत. तिसऱ्यांदा आतून सरांच्या खोकण्याचा आवाज येत होता आणि ताई दारात उभ्या राहून मला म्हणत होत्या की सर झोपलेत. सोडाल्याच्या त्या गर्दीतून दर वेळी चहा पिऊन परत यायचं, याचा मला राग येऊ लागला. शेवटी मी चपला काढून सरळ आत शिरले. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला बघून डावा हात उचलला, तोंड उघडलं, काहीतरी 'ब-ब' असं झालं आणि त्यांनी मान फिरवली.

ताईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "रूथ, तुला हात जोडते. नको येऊस आता. देवाची मर्जी मोडून माणसानं काही करू नये."

"कसली मर्जी?"

"पाळकसाहेबांनी दवाखान्यात तोंडावर सांगितलं मला. आयसीयूच्या बाहेर. म्हणाले, ही प्रभूची शिक्षा आहे." त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि आवाज अगदी खाली आला होता. "मला तर तेव्हाच कळलं, कशाची ते. जन्मभर मी काय म्हटलं यांना? गप्प बसा. चारचौघांत म्हटलं, लेकीपुढे म्हटलं. घे मग, बसवलं त्यानं गप्प. माझ्या पापाची शिक्षा यांना झाली गं. आता तू येऊन ती फिरवायला बघणार, मतलब मी अजून त्याच्याशी भांडायचं?"

मी पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा करून तडक देवळात गेले. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, सॅम्युएलजी, बांसवाड्याकडचे. वयानं माझ्या मुलासारखे, स्वभावानं गरीब. ते व्हरांड्यात खुर्च्या मोजत होते. मी दारातूनच तोंड सोडलं. माझी हिंदी एरवी बरी आहे, पण संताप आला की तिच्यात नगर उतरतं. दवाखान्याच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही शिक्षेच्या गोष्टी सांगता? देव काय ठाणेदार आहे? तुम्हाला पाळक कुणी केलं?

ते बिचारे खुर्ची हातात धरून उभेच. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, "हाँ, मैडम, शिक्षा कहा था। उसमें बुरा क्या है? शिक्षा... मतलब सीख। प्रभु इससे भी कुछ सिखाएगा।"

माझी वाचा गेली. खरंच गेली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. हे न कळायला मी काल जयपुरात आले होते का? सरांच्या पगाराच्या कागदावर सबंध नोकरीभर 'शिक्षा विभाग' छापून येत होतं आणि मार्थाताई तो कागद कपाटात लावून ठेवत होत्या. चाळीस वर्षं त्या हिंदीत भाजी घेतात, हिंदीत भांडतात, हिंदीत प्रार्थना करतात. पण त्या दिवशी आयसीयूच्या बाकावर त्यांचे कान नगरचे झाले. दुःखात माणूस आईच्या भाषेत ऐकतो. शिवाय रविवारच्या शाळेत आम्ही दोघींनी लहानपणी तेच पाठ केलेलं होतं, की देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. तो शब्द आयत्या खाचेत जाऊन बसला. आणि मी? मी तर शब्दांवरच पोट भरणारी! ताईंनी मराठीत सांगितलं, मी मराठीत ऐकलं आणि मराठीतच पेटले. मी सॅम्युएलजींची माफी मागितली. ते म्हणाले, चला, आत्ताच जाऊ.

मला वाटलं, गैरसमज मिटला, काम झालं. पाळकांनी सोफ्याच्या कडेवर बसून, हात जोडून, तीन-तीनदा समजावलं. दंड नहीं आंटीजी, शिक्षा. सज़ा नहीं, सीख. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी सैल झाला आणि मग जे झालं त्याला आम्ही दोघंही तयार नव्हतो. त्या भडकल्या.

"सीख? किसकी सीख?" त्या म्हणाल्या. "मुझे सिखाना था तो मेरी ज़बान लेता! इनकी क्यों ली? एक को सिखाने के लिए दूसरे का मुँह बंद करता है, ऐसा कैसा मास्टर है आपका?"

सॅम्युएलजी खाली बघत राहिले. मला वाटलं, आता हे एखादं वचन काढतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. पण ते म्हणाले, "मुझे नहीं मालूम, आंटीजी। उस दिन भी नहीं मालूम था। आप रो रही थीं, मुझे कुछ कहना था, तो कह दिया।"

ताई उठल्या. "आज पहिल्यांदा खरं बोललास, बेटा," असं मराठीतच म्हणाल्या आणि आत जाऊन चहाबरोबर त्यांनी मुलीनं पाठवलेली परदेशी बिस्किटं काढली. मला त्या तेव्हाही पार्लेवरच ठेवत होत्या. बिस्किटं पुढे करता करता मला म्हणाल्या, "शिक्षा नाही ना? मग बसतेस काय? शिकव त्यांना."

या ठिकाणी माझं मत सांगते. मी विश्वास ठेवणारी बाई आहे, पण दुःखानं माणूस उजळतो असं कुणी सरसकट म्हणालं की माझं डोकं उठतं. उजळलेली माणसं मी पाहिली आहेत आणि कडू होऊन गेलेलीही तितकीच पाहिली आहेत. माझे यजमान कॅन्सरनं गेले तेव्हा आमच्या देवळाच्या मंडळीतले पुष्कळ जण मला अर्थ समजावायला आले. कुणी कसोटी म्हणालं, कुणी योजना. त्यातलं एक अक्षर माझ्या ध्यानात नाही. एक बाई आल्या, काही न बोलता ओट्यावरची गवार मोडून गेल्या, त्या ध्यानात आहेत. ज्याच्यापुढे मी गुडघे टेकते त्यानं दुःख वरून पाहिलं नाही, अंगावर घेतलं. आई समोर उभी असताना खिळे सोसले. त्यानंही 'का' म्हणून हाक मारली आणि त्यालाही वरून उत्तर आलं नाही. माझ्या खोलीत जो माणूस शब्दासाठी तडफडतो, त्याच्या बाजूला माझा प्रभू बसलेला असतो, असं मला वाटतं. याहून जास्त अर्थ मला सापडलेला नाही आणि एवढ्यावर माझं भागतं.

तर, काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी मी सरांचा हात धरला आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, मराठीतली, आपली. दुसऱ्या ओळीला सरांचा आवाज मिसळला. तिसऱ्या ओळीला मी थांबले आणि सर पुढे म्हणत गेले, पार आमेनपर्यंत, एक अक्षर न चुकता. ताई दारातच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. "बोलतात गं! बोलतात!" मला माझं नेहमीचं दुष्ट काम करावं लागलं. ताई, हे बोलणं नव्हे. हे आतलं घड्याळ वाजतंय. सर, पाणी म्हणा. सरांनी तोंड उघडलं, आणि नाही. त्यांचा चेहरा पडला. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बिस्किटं तर गेलीच, आता चहाही जातो असं वाटलं.

मग आमची रोजची युक्ती सुरू झाली. प्रार्थना म्हणत यायचं आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली की 'भाकर' या शब्दाच्या आधी गप्प व्हायचं. सर म्हणायचे, 'भाकर'. पुन्हा मागून यायचं, पुन्हा थांबायचं, 'भाकर'. मग प्रार्थना थोडी आखूड करायची. शेवटी नुसती खरी भाकरी ताटलीत समोर धरायची आणि वाट बघायची. इथे गाडी अडली. प्रार्थनेत भाकर होती, ताटलीत नव्हती. सर घामाघूम व्हायचे. एकदा त्यांनी डाव्या हातानं ताटली उडवली, ती जाऊन देव्हाऱ्यासारख्या सजवलेल्या टीव्हीच्या शोकेसवर आपटली. ताईंच्या तोंडापर्यंत काहीतरी आलं आणि त्यांनी ते गिळलं. आजारापासून त्या सरांना एक शब्द लागट बोलत नव्हत्या. मला हे सरांच्या मुकेपणाइतकंच काळजीचं वाटायचं. त्या घरात आता दोन माणसं गप्प होती.

आणि एका दुपारी, मी नुसती बसले असताना, ताईंनी सरांपुढे जेवण ठेवलं. पोळी होती. सरांनी पोळीकडे पाहिलं, ताट दोन बोटांनी पुढे ढकललं आणि म्हणाले, "भाकर."

मी श्वास धरून बसले. ताई म्हणाल्या, "काय?"

"भाकर," सर म्हणाले. मागितली! मार्च लागला होता, घरातलं बाजरीचं पीठ संपलं होतं. ताई तशाच शेजारच्या शर्माबाईंकडे धावल्या. "भाभीजी, बाजरे का आटा है क्या? साहब ने माँगा है! माँगा है!" शर्माबाईंना वाटलं पाहुणे आलेत. ती भाकरी सरांनी खाल्ली आणि अर्धी मी खाल्ली, रडत रडत. नगरात शोभणार नाही अशी जाड झाली होती.

त्यानंतर 'पाणी' आलं, 'नको' आलं. 'नको' तर असं आलं की सगळ्यालाच 'नको'. पण हे सगळे शब्द मी खणून काढलेले होते. मी द्यायचे, ते घोकायचे, मग कधीतरी कामाला यायचे. माझ्या धंद्यात आम्ही वाट बघतो ती न शिकवलेल्या शब्दाची. माणूस आपला आपण, मनात आलेलं, कुणी न दिलेलं बोलला की समजायचं, वाट फुटली. सरांची फुटत नव्हती आणि दिवस भराभर चालले होते. मी ताईंना धीर देत होते. आतून मला धीर नव्हता.

त्यात गुड फ्रायडे जवळ आला. आमच्याकडे त्या दिवशी दुपारभर उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द, म्हणजे खरं तर सात वाक्यं, सात जण वाटून घेतात आणि एकेकावर बोलतात. सरांकडे दर वर्षी एक शब्द असायचाच. सॅम्युएलजी भेटायला आले होते, यादी जुळवत होते. सहज म्हणाले, "इस साल आपकी कमी खलेगी, सर।"

सरांनी डाव्या हाताची पाची बोटं पसरून त्यांच्या तोंडासमोर धरली.

"पाँच? पाँच बजे?"

"नको," सर म्हणाले आणि पंजा पुन्हा हलवला. पाळकांना उमगलं. पाचवा शब्द. पाचवा शब्द तहानेचा, 'मला तहान लागली आहे.'

मी साफ नाही म्हटलं. भर मंडळीत उभं राहायचं, शब्द आला नाही तर? असा एक फजितीचा प्रसंग महिन्यांचं काम धुऊन नेतो, माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. ताई म्हणाल्या, लोक बिचारं म्हणतील, ते मला सोसायचं नाही. सर आम्हा दोघींकडे बघत होते आणि पंजा खाली घेत नव्हते. शेवटी सॅम्युएलजींनी यादीत नाव लिहिलं. मग मी बसले शिकवायला. 'प्यास' काही केल्या येईना. 'तहान' आला, आधी 'ता', मग 'ताहा', मग एकदाचा 'तहान'. मी पाळकांना विचारलं, मराठी चालेल का? ते म्हणाले, "जिस भाषा में आए, मैडम। प्रभु ने भी हिंदी में नहीं कहा था।"

त्या दुपारी पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, फुलं नाहीत, वाद्यं नाहीत. पहिल्या चार वक्त्यांनी ऐसपैस वेळ घेतला. मग ताईंनी सरांना उठवलं आणि काठीचा आधार देत त्या त्यांना पुढे घेऊन गेल्या. मग त्या येऊन पहिल्या बाकावर बसल्या, मी त्यांच्या शेजारी.

सरांनी डाव्या हातानं मेज धरलं. तोंड उघडलं. काही नाही. मिटलं. पुन्हा उघडलं. काही नाही. मी आयुष्यभर लोकांना शिकवलं, की गप्प बसा, वाट बघा. त्या दुपारी माझ्या ओठांवर 'त' येऊन उभा होता आणि मी तो दातांनी दाबून धरला होता. मागे कुणी खोकलं. सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सगळं देऊळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं आणि ते वर बघत होते. मला वाटलं, मी या माणसाचं वाटोळं केलं. प्रभू, एवढा एक शब्द दे, पुढचं सगळं माझ्याकडे लागलं, असं मी म्हटल्याचं आठवतं.

"तहान," सर म्हणाले.

घोगरा आवाज, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. मंडळीला तो शब्द ठाऊक नव्हता. लोक एकमेकांकडे बघू लागले. पाळक अर्थ सांगायला अर्धे उठले. त्याआधी मार्थाताई उठल्या. कार्यक्रमात हे कुठेच नव्हतं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, तरातरा पुढे गेल्या आणि भर उपासनेत सरांच्या ओठांना बाटली लावली. कुठल्याच वक्त्यानं आजवर त्या शब्दाचा एवढा सोपा अर्थ सांगितला नव्हता. बाकांवरून हुंदके ऐकू येऊ लागले. मी तर डोळे पुसायचंही सोडून दिलं होतं.

सर दोन घोट प्यायले, तोंड वेडंवाकडं केलं आणि स्वच्छ म्हणाले, "गरम!"

हा शब्द हिंदीतही तोच. सगळ्यांना कळला. गुड फ्रायडेला आमच्या देवळात कुणी हसल्याचं मी ऐकलेलं नाही, पण सॅम्युएलजींनाच आधी फुटलं आणि मग अख्खी मंडळी रडता रडता हसायला लागली. मी ताडकन उभी राहिले. 'तहान' मी घोकून घेतलेला होता. 'गरम' मी शिकवला नव्हता. तो सरांचा स्वतःचा होता.

मार्थाताईंच्या हे गावीही नव्हतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्या मंडळीदेखत, त्या नवऱ्यावर खेकसल्या, "एप्रिल लागलाय, गरमच असणार! तुमच्यासाठी काय माठ घेऊन येऊ देवळात?"

आणि साळवेसरांनी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं.